काडेपेटीतला मे महिना

आज सकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि वायपरवर ती बसलेली दिसली. मेफ्लाय. हिरवट-पिवळे जाळीदार पंख पाठीवर उभे मिटलेले, मागे शेपटीचे तीन लांब केस, आणि कसलीही घाई नाही. आयर्लंडमधल्या या मलिंगारच्या भोवती इतकी तळी आहेत की मेच्या मध्याला ही मंडळी गावात कुठेही भेटतात. दुकानांच्या काचांवर, बसस्टॉपच्या बाकावर, एकदा तर आमच्या वॉर्डच्या खिडकीवर. तिला माशी म्हणायला जीभ धजत नाही, कारण आपल्याकडे माशी म्हटली की आधी हात उगारला जातो. फार तर चतुराची नाजूक बहीण म्हणू. इंजिन बंद करून मी तिच्याकडे बघत बसलो, आणि तेवढ्यात फोन वाजला. गॉलवेहून सुहासचा मेसेज होता.

'डॉक्टरसाहेब, मे आला! मेफ्लाय सुरू झाली असेल ना तुमच्याकडे? पुढच्या शनिवारी माझ्या नव्या टीमला घेऊन येतोय. ते तुझं ठिकाण आहे ना, त्याचं लोकेशन पाठव परत. जुन्या फोनमध्ये होतं, तो गेला यार.' पुढे एक मासा आणि दोन हसरे चेहरे.

चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी या माणसाला मनातल्या मनात इतकं सुनावलं आहे की प्रत्यक्षात बोलायला काही शिल्लक राहिलं नसेल. आंघोळ करताना सुनावलं, मोटरवेवर सुनावलं, पोळ्या लाटताना तर फारच सुनावलं. आणि याला त्यातलं आठवतंय ते एवढंच की लोकेशन जुन्या फोनमध्ये राहिलं. मला वाटायचं, जे मी विसरू शकत नाही ते त्यालाही थोडंफार टोचत असेल. दगा देणाऱ्याला आपण दगा दिला हेच माहीत नसेल, तर मी इतके दिवस भांडत कोणाशी होतो? संताप आला. सकाळी आठ वाजता, राउंडच्या आधी, पार्किंगमध्ये एकट्यानेच बसून कान तापेपर्यंत संताप आला.

मी सोलापूरचा. आमचा पाण्याशी संबंध पिंप, हंडे आणि टँकर एवढ्यापुरता. नळाला पाणी आलं की शाळेचा अभ्यास टाकून उठायचं, एवढा पाण्याचा मान. मला पोहता येत नाही, आजही येत नाही. अशा माणसाने कमरेइतक्या वाहत्या पाण्यात उभं राहून मे महिना काढावा, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. कधीकधी मलाही वाटत नाही. पण डोळे मिटले की तो ओढा दिसतो, आणि दिसण्याच्या आधी पायांना जाणवतो.

नदी म्हणावी एवढा तो मोठा नव्हता. एका शेताच्या वरच्या अंगाला, हॉथॉर्नच्या कुंपणाखाली, चुनखडीच्या दगडातून झरे फुटायचे. तळाची वाळू सतत नाचत असायची. वरून बघणाऱ्याला वाटावं खाली चूल पेटली आहे आणि पाण्याला उकळी फुटली आहे, आणि हात घालावा तर बोटं बधिर. बाराही महिने त्या पाण्याचा गारवा एकच. आठवडाभर पाऊस लागला, सगळ्या नद्या चहासारख्या झाल्या, तरी हा ओढा आपला नितळ. इतका नितळ की पहिल्या दिवशी मी घोटाभर पाणी समजून पाय टाकला आणि कमरेपर्यंत आत गेलो. तळाशी हिरव्यागार शेवाळाचे लांब केस एकाच दिशेला विंचरलेले असत. मेमध्ये हॉथॉर्नला पांढरा मोहर यायचा. त्याचा वास लांबून गोड आणि जवळून थोडा कुबट. पलीकडे गाई रवंथ करत उभ्या. त्यांच्या शेणाचा, ओल्या गवताचा आणि त्या मोहराचा मिळून एक वास होता. तो वास मला आता गावातल्या एखाद्या कुंपणापाशी अचानक येतो आणि मी रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने चालू लागतो.

तो ओढा मला नोएलने दाखवला. नोएल आमच्याच ओळीत, दोन घरं सोडून राहतो. आयुष्यभर बॉगवर, म्हणजे पीटच्या काळ्या दलदलीवर, मशीन चालवून निवृत्त झालेला, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. अहो-जाहो करायची सोय इंग्रजीत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून तो नोएल आणि मी डॉक. ओळख कचऱ्यामुळे झाली. मी भल्या सकाळी हिरवा डबा ओढत रस्त्यावर नेत होतो आणि हा दारात चहाचा मग घेऊन उभा. 'आज काळा, डॉक. हिरवा पुढच्या आठवड्यात.' एवढंच बोलून आत गेला.

मग एका एप्रिलमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा पिताना, मला तो त्याच्या मागच्या हिरवळीवर दिसला. हातात लांब काठी, तिला जाड पिवळी दोरी, दोरीच्या टोकाला लोकरीचा एक तुकडा. हा गृहस्थ पाण्याचा थेंब नसलेल्या गवतावर गळ टाकत होता. दोरी मागे जायची, हवेत क्षणभर आडवी थांबायची, आणि पुढे येऊन लोकर एका उलट्या बशीवर अलगद उतरायची. पुन्हा मागे, पुन्हा बशी. मी हसलो, तेवढ्यात त्याने मान वळवली आणि बोटाने मला बोलावलं. त्या वर्षीचा अख्खा एप्रिल मी ती बशी चुकवण्यात घालवला.

आयर्लंडची माणसं बोलायला फार गोड. 'कधीतरी या ना चहाला' असं मला दोन वर्षांत पन्नास जणांनी सांगितलं असेल, पण तो 'कधीतरी' कोणत्याही वारी येत नाही. नोएल असं काही म्हणाला नाही. त्याने मला थेट त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली जागा दाखवली. जमीन एका विधवा शेतकरी बाईंची होती. तिथे यायची परवानगी फक्त नोएलला, त्याच्या तरुणपणापासूनची, आणि आता त्याच्या शब्दावर मला. त्याच्या अटी दोनच होत्या. फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. आणि फोन घरी. 'तिथे फोनला काही काम नाही,' तो म्हणाला. कोणाला सांगू नकोस असं त्याने सांगितलंच नाही. फक्त एकदा चालता चालता म्हणाला, 'ज्याने मला ही जागा दाखवली, त्याने ती मला एकट्याला दाखवली होती. मी तुला दाखवतोय.' परदेशात आल्यापासून मला कोणी दिलेली ही पहिली गोष्ट होती जी पैसे देऊन किंवा परीक्षा पास होऊन मिळणारी नव्हती. ती गमवायची नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

हंगाम सुरू झाल्याची वर्दी काडेपेटीतून यायची. पहिली मेफ्लाय निघाली की नोएल ती रिकाम्या काडेपेटीत घालायचा आणि सकाळी माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जायचा. हाक नाही, बेल नाही. मी ड्युटीला निघता निघता काडेपेटी सरकवायचो, ती आत शेपटीचे केस सावरत बसलेली असायची, आणि थोडा विचार करून उडून जायची. दिवसभर वॉर्डमध्ये मी उगाचच सगळ्यांशी प्रेमाने वागायचो. आमच्या सिस्टर एकदा म्हणाल्याही, 'डॉक्टर, आज काय, लॉटरी लागली का?'

या किड्याची गोष्टच विलक्षण आहे. दोन वर्षं तळाच्या गाळात काढायची, मग एका दुपारी वर येऊन पंख उघडायचे, आणि पुढे आयुष्य एखाद-दोन दिवसांचं. त्या दिवसांत खाणं नाही, कारण खायला तोंडच उरलेलं नसतं. ट्राउट मासळीला मात्र तोंड आहे आणि ती या दिवसांची वर्षभर वाट पाहते. आपण करायचं ते एवढंच की कोंबड्याच्या मानेचं पीस, राफिया नावाच्या ताडाचा धागा आणि मेण घेऊन एका हुकावर खोटी मेफ्लाय बांधायची आणि ती खऱ्यांच्या गर्दीत सोडून द्यायची. मी बांधलेली पहिली मेफ्लाय थेट झुरळासारखी दिसत होती. 'मासा हसून मरेल,' नोएल म्हणाला, आणि ती त्याने स्वतःच्या टोपीला टोचून ठेवली. हुकाचं उलटं टोक पकडीने चेपून टाकायचं, म्हणजे मासा दुखावल्याशिवाय सोडता येतो. सोडायचाच असतो. व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, 'धरायचा आणि सोडायचा? मग एवढा खटाटोप कशाला रे?'  ज्याला फसवलं त्याला निदान सोडून द्यायचं, एवढी माणुसकी त्यात होती असं आता वाटतं.

मला जमत नव्हतं ते थांबणं. मासा वर आला, खोटी माशी गिळली, की मी घाईने काठी उचलायचो आणि हुक त्याच्या उघड्या तोंडातून तसाच बाहेर. 'तोंड मिटू दे त्याला,' नोएल सांगायचा. किती वेळ? त्याने विचार केला. 'तुमच्यात देव पुष्कळ आहेत ना? त्यातल्या एकाचं नाव घे आणि मग उचल.' मी मनात म्हटलं, 'गणपती बाप्पा', आणि 'मोरया'ला मनगट वर. बरोबर तेवढाच वेळ लागत होता! नोएलला ते इतकं आवडलं की तोही म्हणू लागला, त्याच्या बॉगवरच्या घोगऱ्या आवाजात, 'गनपटी बापा'. एवढ्या मोठ्या देशात ही युक्ती आम्हा दोघांनाच माहीत आहे, याचं मला फार अप्रूप होतं.

दोघांनाच म्हणालो, पण तिसरा सुहास होता. सुहासला मी सगळंच सांगायचो. मिरजेला आम्ही एका बॅचचे, एका खोलीतले. आयर्लंडलाही एकाच विमानाने आलो. तो दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात लागला, पण रविवार आमच्याकडे. इथली पहिली परीक्षा मी नापास झालो तेव्हा हा बसने कुकर मांडीवर घेऊन आला होता, त्यात आमटी. कुकरच्या झाकणाची शिट्टी खिशात वेगळी ठेवलेली, हरवू नये म्हणून. तेव्हा तो वाईट माणूस आहे असं मी आजही म्हणणार नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, काम सोपं झालं असतं.

'जागा कुठे आहे ते तरी सांग,' तो विचारायचा.

'ते नाही सांगता येणार.'

'मला पण नाही? अरे यार, मी काय गळ घेऊन चाललोय का तिकडे? मला कोळंबीशिवाय काही ओळखता येत नाही.'

हसण्यावारी जायचं. गणपती बाप्पाची युक्ती मात्र मी त्याला जेवताना हातवारे करून सांगितली होती.

चार वर्षांपूर्वीच्या त्या मेमध्ये माझी बायको, मुग्धा, पुण्याला होती. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. तिला माझं पोहणं, म्हणजे न पोहणं, चांगलं ठाऊक. फोनवर म्हणाली, 'तू त्या पाण्यात उभा असतोस तेव्हा इकडे मी झोपलेली असते. पाय घसरला तर त्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? सुहासला लाइव्ह लोकेशन देऊन ठेवत जा. नाहीतर जायचं नाही.' तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग मी रोज संध्याकाळी निघताना सुहासला लोकेशन सुरू करायचो आणि फोन वेडर्सच्या, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या त्या रबरी पायजम्याच्या, आतल्या खिशात टाकायचो. सायलेंटवर असलेला फोन म्हणजे फोन नसल्यासारखाच, अशी मी स्वतःची समजूत घातली. नोएलला काही बोललो नाही.

एकदा सांगणार होतो. त्या हंगामातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ. ऊन तिरपं झालं होतं आणि मेफ्लाय पाण्यावर उतरत होत्या, शेकड्यांनी. काठावरच्या ॲशच्या झाडाच्या मुळांखाली एक मोठी ट्राउट होती. नोएल तिला 'म्हातारी' म्हणायचा आणि तीन वर्षं तिच्यामागे होता. त्या दिवशी तो बाजूला झाला आणि हनुवटीने मला खूण केली. माझी माशी मुळांच्या जरा वर पडली, वाहत खाली आली, आणि पाण्यातून एक नाक शांतपणे वर येऊन तिला आत घेऊन गेलं. गणपती बाप्पा. मोरया. पुढची दहा मिनिटं मला नीटशी आठवत नाहीत. आठवतो तो हातातला मासा, ओल्या साबणासारखा बुळबुळीत, अंगावर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. प्रवाहाकडे तोंड करून तिला पाण्यात धरून ठेवलं, कल्ले उघडमीट झाले, आणि एका क्षणी हात रिकामा होता. 'चालेल,' नोएल म्हणाला. त्याच्याकडची याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. परत येताना फाटक लावून घेतल्यावर तो थोडा थांबला. 'फार वर्षं एकट्यानेच केलं हे,' म्हणाला. माझ्या छातीवर फोन होता. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण इतक्या सुंदर संध्याकाळी कशाला, उद्या सांगू, असं म्हणून मी गप्प बसलो.

पुढच्या रविवारी सुहासने वेडर्स मागितले. 'ऑनलाइन मागवायचे म्हणतोय, साइज तरी कळेल. दोन-तीन दिवसांत परत देतो.' मला आनंदच झाला. अखेर हाही लागला म्हणायचा नादाला! डाव्या गुडघ्याला काटेरी तारेने फाटलं होतं, तिथे नोएलने स्वतः हिरवं ठिगळ चिकटवलं होतं. तेही मी सुहासला कौतुकाने दाखवलं.

गुरुवारी माझी ड्युटी अचानक बदलली. वेडर्स नव्हते, तर मी काठावर बसेन म्हटलं, आणि नोएलबरोबर निघालो. फाटक सताड उघडं होतं. इतक्या दिवसांत ते आम्हाला एकदाही उघडं सापडलं नव्हतं. नोएल थांबला, कुरणातल्या कालवडींकडे बघितलं, त्या लांब होत्या. त्याच्या नियमाप्रमाणे उघडं असेल तर उघडं. पण त्याने ते लावलं. आम्ही कुंपणाकडेने चालू लागलो, आणि दिसायच्या आधी मला ऐकू आलं.

'गनपती बाप्पाऽ, मोरया!' मोठा, मोकळा, आयरिश आवाज. पाठोपाठ खदखदून हसणं, आणि ते हसणं मी कुठेही ओळखलं असतं.

ॲशच्या मुळांपाशी एक उंच गृहस्थ कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. सुहासचे कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलातले त्याचे वरिष्ठ. त्यांना फ्लायफिशिंगचं वेड आहे हे मला सुहासनेच सांगितलं होतं, आणि सुहासला हवी असलेली ट्रेनिंगची जागा त्यांच्या हातात आहे हेही. शेजारी सुहास, माझे वेडर्स घालून. गुडघ्यावरचं हिरवं ठिगळ त्या नितळ पाण्यातून स्वच्छ दिसत होतं. मला बघून तो खरंच खूश झाला. हात हलवत ओरडला, 'अरे, ये ये! सर, हाच तो माझा मित्र! सॉलिड जागा आहे बॉस, तू बोलला होतास त्यापेक्षा पण भारी!'

कन्सल्टंट सभ्य गृहस्थ. 'तुमच्या मित्राने चांगलीच जागा लपवून ठेवली होती,' असं काहीतरी हसत म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

नोएलने ठिगळाकडे बघितलं. मग माझ्याकडे, अगदी थोडा वेळ. 'ग्रँड इव्हिनिंग फॉर इट,' तो त्या दोघांना म्हणाला, टोपीला हात लावला, आणि परत फिरला. मी त्याच्या मागे. फाटकाची कडी त्याने नीट बसवली, हलवून पाहिली, पुन्हा एकदा हलवून पाहिली. 

ते दोघं नंतर निघाले तेव्हा फाटक पुन्हा उघडंच राहिलं. शहरात वाढलेल्या माणसाला फाटक म्हणजे आत जायची वाट. ते कोणाला तरी आत ठेवण्यासाठी असतं हे लक्षात येत नाही. सकाळपर्यंत कालवडी रस्त्यावर आल्या होत्या. एक चरात पडली, तिचा पाय मोडला, आणि गुरांच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन तिला कायमचं शांत केलं. बाईंनी फाटकाला साखळी आणि कुलूप लावलं, पाटी लावली. कोणालाच परवानगी नाही. नोएललाही नाही. त्याने ते मला बागेच्या भिंतीवरून सांगितलं, हवेचा अंदाज सांगावा तसं. 'कुलूप लागलंय, डॉक. चक्कर वाया घालवू नकोस.' त्याने मला काहीच विचारलं नाही. मी रात्रभर उत्तरं तयार केली होती आणि त्याने प्रश्नच विचारला नाही.

दोन दिवसांनी खिडकीच्या कट्ट्यावर काडेपेटी दिसली. काय उडी मारली म्हणून सांगू काळजाने! ओल्या हातानेच सरकवली. आत माझी ती पहिली खोटी मेफ्लाय होती. झुरळ. वर्षभर त्याच्या टोपीला टोचलेली, परत केलेली.

सुहासशी फोनवर भांडलो. तो आधी गोंधळला, मग चिडला. 'नदी काय तुझ्या नावावर आहे का? फाटकाचं सॉरी बोललो ना यार. आणि लोकेशन तूच पाठवत होतास, मी थोडीच मागितलं? सरांना एकदा खूश केलं तर एवढं काय आभाळ कोसळलं?' शेवटचं वाक्य मी अजून विसरलो नाही. ट्रेनिंगची जागा त्याला मिळाली. हुशार होताच, अशीही मिळालीच असती. मग तो गॉलवेला गेला. आता भेटतो ते ल्यूकन गावातल्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत. सगळे गर्जना करतात, 'गणपती बाप्पा', आणि 'मोरया' म्हणायला माझं तोंड एक क्षण उशिरा उघडतं. सुहास माझ्या पाठीवर थाप मारतो, मोदक पुढे करतो. मी मोदक खातो.

नोएलकडे मी त्या वेळी दोनदा गेलो होतो. मी नाही आणलं त्यांना, एवढंच सांगायचं होतं. पण मी नाही म्हटलं की सुहास म्हणावं लागणार, आणि सुहासला जागा कशी कळली हे सांगायचं तर फोन सांगावा लागणार. दोन्ही वेळा नोएल दारात उभा राहून म्हणाला, 'ग्रँड, डॉक. यू'र ग्रँड.' इथे राहून मला एवढं कळलं आहे की ग्रँड म्हणजे छान नव्हे. ते हलक्या हाताने लावलेलं दार असतं, आणि आवाज न होता लागतं म्हणून आपण त्याला सभ्यपणा म्हणतो. मला ते सोयीचं पडलं. दोन्ही वेळा मी सुटल्यासारखा घरी आलो, आणि घरी येऊन सुहासला शिव्या दिल्या.

तेव्हापासून नोएल मागच्या हिरवळीवर दिसलेला नाही. मुग्धाने एकदा विचारलं तर म्हणाला, गुडघे. रस्त्यात भेटतो, पावसाची भुरभुर असली की 'सॉफ्ट डे, डॉक' म्हणतो, कोणता डबा बाहेर काढायचा ते अजून सांगतो. दर मेमध्ये मी सकाळी उठून आधी कट्टा बघतो. हे मी मुग्धालाही कधी बोललो नाही.

आज संध्याकाळी ड्युटी संपवून गाडीपाशी आलो तर ती वायपरवर तशीच होती. दिवसभर वारा नव्हता. गाडीच्या खणात ती जुनी काडेपेटी असते, माझ्या झुरळासकट. झुरळ काढून खिशात ठेवलं आणि मेफ्लायला बोटावर घेऊन आत सोडलं. सुहासच्या मेसेजला दिवसभरात पाच-सहा उत्तरं लिहिली होती, एकाहून एक जहरी, आणि सगळी पुसली होती. कारण प्रत्येक उत्तर लिहिताना एकाच ठिकाणी अडखळत होतो. 'लोकेशन परत पाठव' असं तो म्हणत होता, आणि त्यातला 'परत' खरा होता. गाडी घरापाशी लावून नोएलच्या दारासमोर उभा राहिलो. बेल वाजवायला बराच वेळ लागला.

'डॉक,' तो म्हणाला. मी काडेपेटी पुढे केली. त्याने चष्मा वर सरकवून ती उघडली. मेफ्लाय त्याच्या अंगठ्यावर चढली, जरा थांबली, आणि त्याच्या खांद्यावरून हिरवळीच्या दिशेने गेली.

'उशिरा आल्या या वर्षी,' तो म्हणाला.

'नोएल, त्या मेमध्ये माझ्या खिशात फोन होता. रोज. बायकोने सांगितलं होतं म्हणून, पण होता. त्यावरूनच त्याला जागा कळली.'

'माहीत आहे.'

मला वाटलं माझं बोलणं त्याला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगू लागलो, तर त्याने हात वर केला.

'पहिल्याच संध्याकाळी तू पाण्यात उभा होतास आणि तुझी छाती उजळली. इथे.' त्याने स्वतःच्या स्वेटरवर बोट ठेवलं. 'दोनदा. म्हटलं, परत जाताना सांगेल. नाही सांगितलंस. मग म्हटलं, उद्या सांगेल.'

चार वर्षं. दोन घरांच्या अंतरावर हा माणूस 'उद्या'साठी थांबला होता, आणि मी कट्ट्यावर काडेपेटी शोधत होतो.  तरीही सवयीने तोंडातून निघालं, 'मी त्याला बोलावलं नव्हतं, नोएल. खरंच. माझ्याही पाठीमागून आला तो. माझा सर्वांत जवळचा मित्र होता.'

'तो पाण्यातला?' नोएल म्हणाला. रागाने नाही. काडेपेटी त्याने मिटली आणि स्वेटरच्या खिशात टाकली. 'त्याचं मला कधीच काही वाटलं नाही, डॉक. त्याला मी ओळखतच नव्हतो.'

मी म्हणालो, 'ग्रँड.'